सुई हलण्यापूर्वी

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना विज्ञानाचा इतिहास शिकवावा का, यावर आपल्याकडे फारसा वाद होत नाही. शिकवावा असे सगळेच म्हणतात, आणि बहुतेक ठिकाणी तो शिकवला जात नाही. जेथे शिकवला जातो तेथे तो कसा शिकवला जातो, हा या लेखाचा विषय आहे. टीका करताना दुसऱ्याकडे बोट दाखवणे सोपे असते. म्हणून सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

रायगड जिल्ह्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे बोलण्याचा प्रसंग आमच्यावर अधूनमधून येतो. अशा वेळी अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची गोष्ट आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. गोष्ट अशी : मुंबईत कुलाब्याला एक जुनी वेधशाळा होती. तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत. मुंबईत विजेच्या ट्राम धावू लागल्या, त्यांच्या प्रवाहामुळे वेधशाळेतील नाजूक सुया थरथरू लागल्या आणि नोंदी बिघडल्या. तेव्हा शास्त्रज्ञांनी चंबूगबाळे आवरून समुद्रापलीकडचे अलिबाग गाठले आणि १९०४ साली तेथे लोखंडाचा एक खिळाही न वापरता नवी वेधशाळा उभारली. पुढे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे करून दोहोंची तुलना केली. गोष्ट छान रंगते. लोखंडाच्या खिळ्याच्या वाक्याला तर हमखास दाद मिळते.

एका महाविद्यालयात ही गोष्ट सांगून झाल्यावर मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठली. तिने विचारले, "सर, कुलाब्याच्या सुया ट्रामने बिघडल्या होत्या ना? मग बिघडलेल्या सुयांशी दोन वर्षे तुलना करून काय मिळालं?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. "चांगला प्रश्न आहे, पाहून सांगतो," असे शिक्षकांचे ठेवणीतले वाक्य उच्चारून आम्ही वेळ मारून नेली. त्या संध्याकाळी घरी येऊन साल-तारखा एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या, तेव्हा इतकी वर्षे आपण काय सांगत होतो ते लक्षात आले.

मुंबईत घोड्यांच्या ट्राम १८७४ साली सुरू झाल्या. विजेची पहिली ट्राम धावली ती ७ मे १९०७ रोजी. अलिबागची वेधशाळा सुरू झाली १९०४ मध्ये. दोन्हीकडे एकत्र मोजमापे चालली ती १९०४ ते १९०६ या काळात, आणि त्यानंतर कुलाब्याची चुंबकीय मोजमापे थांबवण्यात आली. म्हणजे विजेची पहिली ट्राम रुळांवर आली त्याआधीच कुलाब्याच्या सुया निवृत्त झाल्या होत्या. ट्रामने त्या थरथरल्याच नाहीत. विजेच्या ट्राम येणार हे ठरले, त्या आल्यावर काय होईल ते वेधशाळेच्या लोकांनी आधी ओळखले, आणि हातात वेळ असतानाच हलवाहलव पुरी केली.

आमच्या गोष्टीत आधी अपघात होता आणि मग धावपळ. खऱ्या इतिहासात आधी अंदाज होता, मग मोजमाप आणि मग निर्णय. अभियंत्याच्या दृष्टीने या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. रंगतदार गोष्टीच्या नादात आम्ही नेमका शिकवण्यासारखा भागच उलटा करून ठेवला होता.

गणित काय सांगते?

हा अंदाज कसा करता येतो, ते पाहू. अलिबागच्या आसपास पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला आहे. शांत दिवशी सूर्याच्या प्रभावामुळे त्यात होणारा रोजचा चढउतार असतो साधारण चाळीस-पन्नास नॅनोटेस्लांचा. म्हणजे हजारात एक भाग. वेधशाळेला टिपायचा असतो तो हा एक भाग आणि त्याहूनही बारीक बदल.

आता ट्राम घ्या. उदाहरणादाखल तारेतून १०० अँपिअरचा डी.सी. प्रवाह वाहतो आहे असे धरू. लांबलचक सरळ तारेपासून एक किलोमीटरवर या प्रवाहाचे क्षेत्र भरते २० नॅनोटेस्ला. रोजच्या चढउताराच्या जवळपास निम्मे! पण इतक्यावर थांबणारा विद्यार्थी अर्धवट अभियंता म्हणायचा. प्रवाह वरच्या तारेतून जातो आणि रुळांतून परत येतो. दोन्ही वाटांतले अंतर सहा मीटर धरले तर त्यांची क्षेत्रे एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात आणि एक किलोमीटरवर उरते ते सुमारे ०.१ नॅनोटेस्ला, म्हणजे नगण्य. मग भीती कशाची? भीती रुळांतून जमिनीत झिरपणाऱ्या प्रवाहाची. परतीचा सगळा प्रवाह रुळांतून येत नाही. काही भाग ओल्या जमिनीतून, पाण्याच्या नळांतून, दूरदूरच्या वाटांनी फिरून येतो. तेवढ्या भागाची जोडी फुटते आणि त्याचे क्षेत्र खोडले जात नाही. शिवाय ट्राम सुटते, थांबते, वेग घेते, तसा हा प्रवाह क्षणोक्षणी बदलतो. तो वजा करून टाकण्याची सोय नाही.

हे गणित अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे आहे. विद्युतचुंबकत्वाच्या आमच्या पाहण्यातील बहुतेक पुस्तकांत प्रकरणाच्या सुरुवातीला एक चौकट असते. चौकटीत ओर्स्टेडचे चित्र, जन्म-मृत्यूची साले, आणि १८२० साली व्याख्यान देताना तारेजवळची होकायंत्राची सुई योगायोगाने हलल्याची हकीकत. ती हकीकतही अर्धीमुर्धीच. वीज आणि चुंबकत्व यांच्यात काही नाते असावे असे ओर्स्टेडला कितीतरी वर्षे आधीपासून वाटत होते, आणि सुई हलल्यावर लगेच गाजावाजा न करता आणखी प्रयोग करून मग त्याने ते प्रसिद्ध केले. पण ते सोडा. चौकट संपते, सूत्र येते, उदाहरणे येतात. ओर्स्टेडच्या टेबलावर जे घडले, त्याच परिणामापायी ८४ वर्षांनी एक अख्खी वेधशाळा मुंबई सोडून अलिबागला आली, हे त्या मुलांना कोणी सांगत नाही. महाविद्यालयापासून एस.टी.ने तासा-दोन तासांवर असलेली ही जागा त्यांच्या पुस्तकाशी जोडलेली आहे, हे त्यांना कळत नाही.

दोन वर्षे कशासाठी?

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. कुलाब्याच्या सुया शाबूत होत्या, म्हणूनच तुलनेला अर्थ होता. पण मग दोन वर्षे कशाला? एक महिना का नाही पुरला?

कुलाबा आणि अलिबाग यांच्यात सुमारे तीस किलोमीटरचे अंतर आहे. दोन्हीकडच्या जमिनीखाली दख्खनचा काळा पाषाण आहे आणि हा खडक स्वतःच थोडाफार चुंबकीय असतो. त्यामुळे दोन ठिकाणची मापे सारखी येणार नाहीत हे उघड आहे. प्रश्न असा की त्यांतला फरक कायम राहतो की बदलतो. तापमान वाढले की चुंबकाची शक्ती किंचित घटते. दोन्हीकडच्या उपकरणांवर उन्हाळ्या-हिवाळ्याचा परिणाम निरनिराळा होऊ शकतो. महिनाभराच्या तुलनेत हे दिसणार नाही. वर्षभराच्या तुलनेत ऋतूंचे एक चक्र दिसेल, पण दिसलेला फरक ऋतूचा की उपकरणाच्या हळूहळू सरकण्याचा, ते कळणार नाही. दुसऱ्या वर्षी तेच चक्र पुन्हा दिसले तर तो ऋतू, आणि वेगळेच काही दिसले तर उपकरण संशयित. दोन वर्षांच्या जोडनोंदीत हा विवेक करता येतो.

अभियंत्याच्या आयुष्यात ही वेळ वारंवार येते. धरणातल्या गळतीचे माप घेणारे उपकरण बदलायचे असते, नदीवरचे पूरमापन केंद्र पुलाच्या कामासाठी हलवायचे असते, कारखान्यातला जुना दाबमापक काढून नवा बसवायचा असतो. नवे उपकरण अधिक अचूक असते म्हणून जुने लगेच भंगारात जाते. मग आलेखात त्या दिवशी एक पायरी दिसते, आणि पुढच्या माणसाला कधीच कळत नाही की धरण बदलले की मापक बदलला. मुंबईच्या अपोलो बंदरावर भरती-ओहोटीची नोंद १८७८ पासून आहे. समुद्राची पातळी किती वाढते आहे आणि अलिबाग-पेणच्या खारभूमीचे बांध किती उंच ठेवायचे, हे प्रश्न अशा नोंदींच्या भरवशावरच सोडवावे लागतात. त्यांतली एक न कळलेली पायरी किती महागात पडेल, याचा विचार करावा.

कुलाब्याच्या नोंदींचे मोलही असेच उशिरा कळले. कंपनी सरकारने १८२६ साली ही वेधशाळा काढली ती तारांगणाच्या वेधांसाठी आणि जहाजांना अचूक वेळ कळावी म्हणून. चुंबकीय मोजमापांना १८४१ मध्ये एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांनी सुरुवात केली. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या तरुणांत केरो लक्ष्मण छत्रे होते. ते अलिबागशेजारच्या नागावचे. पुढे पुण्यात ते गणिताचे नामवंत अध्यापक झाले. लोकमान्य टिळक त्यांचेच विद्यार्थी. त्या काळी आकडे डोळ्यांनी वाचून हाताने वहीत उतरवावे लागत. एरवी तासातासाला, आणि सुया अस्वस्थ झाल्या की पंधरा किंवा पाच मिनिटांनी.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टनला सूर्यावर एक प्रखर झळाळी दिसली. दुसऱ्या दिवशी कुलाब्याच्या वहीत क्षितिजसमांतर घटक एकदम सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आल्याची नोंद झाली. कोणा अनाम सहायकाने घड्याळाकडे पाहत ते आकडे निमूटपणे लिहून ठेवले. त्या वादळात अमेरिकेत तारयंत्रे बॅटरी काढून ठेवल्यावरही चालली. या नोंदींचे नव्याने विश्लेषण होऊन ते प्रसिद्ध झाले २००३ साली, म्हणजे १४४ वर्षांनी. त्या आकड्याचा अर्थ नेमका कसा लावावा यावर संशोधकांत मतभेद आहेत, पण वादाला आधार आहे तो त्या वहीचा. १३ मार्च १९८९ रोजी बऱ्याच लहान वादळाने कॅनडातील क्युबेक प्रांताचे वीजजाळे सुमारे दीड मिनिटात कोसळले आणि साठेक लाख लोक कित्येक तास अंधारात राहिले. अशी वादळे किती वर्षांनी येतात हे ठरवायचे तर दीड-पावणेदोन शतकांची, एका मापाने मोजलेली सलग मालिका लागते. कुलाब्याचा धागा अलिबागला जोडला गेला नसता तर ही मालिका १९०६ मध्येच तुटली असती.

तो धागा जोडणारे संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. त्यांचे पहिले शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचे होते आणि नंतर ते एडिंबरोला विज्ञान शिकले, ही गोष्ट अभियांत्रिकीच्या वर्गात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी आणि त्यांची चिकित्सा त्यांनी १९१० साली दोन भागांत प्रसिद्ध केली.

हा प्रश्न एकट्या मुंबईचा नव्हता. टोरोंटोच्या वेधशाळेला ट्रामच्या त्रासामुळे १८९८ साली शहराबाहेर ॲजिनकोर्टला जावे लागले होते. लंडनजवळच्या क्यूचे चुंबकीय काम त्याच कारणाने स्कॉटलंडमध्ये एस्कडेलम्यूरला गेले. ती वेधशाळा १९०८ साली सुरू झाली. विद्यार्थ्यांना हेही कळले पाहिजे. एरवी त्यांना वाटते की आपल्याकडे जे घडले ते आपल्याच गैरसोयीमुळे घडले, किंवा उलट, आपल्याच थोरवीमुळे.

दोन सोप्या वाटा

या थोरवीबद्दलही थोडे बोलले पाहिजे. ओर्स्टेडच्या चौकटीसारखा चित्रांचा इतिहास ही एक सोपी वाट. दुसरी सोपी वाट अभिमानाची. २०१८ च्या अभियांत्रिकीच्या आदर्श अभ्यासक्रमात भारतीय पारंपरिक ज्ञानाला जागा मिळाली, याचे आम्हाला वाईट वाटत नाही. युरोपखेरीज जगात कोठे विचारच झाला नाही, असे मानणारी पुस्तके आम्हीही वाचून कंटाळलो आहोत. आमची हरकत आहे ती प्रश्न न विचारता केलेल्या कौतुकाला.

अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर कुलाबा किल्ला दिसतो. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० साली, त्याचे काम सुरू झाले. तटाचे प्रचंड दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर मोडतो, असे तेथे सांगतात. सांगणाऱ्याचे म्हणणे विचार करण्याजोगे आहे. पण वर्गात त्यावर टाळ्या पडतात आणि विषय संपतो. खरे तर तेथे सुरू व्हायला हवा. फटी नसत्या तर ओहोटीच्या वेळी भिंतीमागे अडकलेल्या पाण्याचा दाब किती झाला असता? फटी असताना लाटेबरोबर दगड सरकू नये म्हणून त्याचे वजन किती हवे? मागची भर धुऊन जाऊ नये म्हणून काय केले असेल? तीन शतकांत कोठे डागडुजी झाली, आणि ती नेमकी कोणत्या बाजूला? यांतील एकाही प्रश्नाने किल्ल्याचा मान कमी होत नाही. न विचारल्याने मात्र बांधणाऱ्यांच्या बुद्धीचा अपमान होतो. कारण त्यांना हे प्रश्न पडलेच असणार.

चित्रांची चौकट आणि अभिमानाचे भाषण या दोहोंत एक गोष्ट समान आहे. दोन्ही ठिकाणी निकाल आधी सांगितला जातो आणि निर्णय कसा झाला ते गाळले जाते. लोखंडाचा खिळा न वापरण्याचे कौतुक त्याच जातीचे. अलिबागची इमारत अचुंबकीय पोरबंदरी दगडाची आहे हे खरे आणि महत्त्वाचेही. पण खिळा लक्षात राहतो आणि दोन वर्षांची जोडनोंद विसरली जाते. खिळ्याची गंमत वाटते. जोडनोंदीत निव्वळ कष्ट आणि चिकाटी आहे. मुलांना नोकरीत लागणार आहे ती दुसरी गोष्ट.

वेळ कोठून आणायचा?

शिक्षक मित्र म्हणतील, हे सगळे ठीक, पण परीक्षेला येत नाही त्याला वेळ कोण देणार? शिवाय आम्ही काही इतिहासकार नव्हे. दोन्ही आक्षेप खरे आहेत. पहिल्याला आमचे उत्तर असे की वेगळा तास नकोच. तारेच्या क्षेत्राचे सूत्र शिकवताना उदाहरणासाठी कोणती तरी तार घ्यावीच लागते; ती ट्रामची घ्यावी. दुसऱ्या आक्षेपाला उत्तर देताना आम्ही जरा कचरतो, कारण आम्हीच तर चुकलो. पण ती चूक पकडायला इतिहासकार लागला नाही. गोष्टीतल्या दोन वाक्यांचा मेळ बसत नाही, एवढे एका विद्यार्थिनीच्या लक्षात आले आणि चार साले ओळीने लिहिल्यावर उलगडा झाला. इतकी सवय प्रत्येक शिक्षकाला लावून घेता येते.

शाळेतील शिक्षकांनाही यातले बरेच करता येईल. टेबलावर उत्तर-दक्षिण दिशेने एक तार ताणावी, तिच्याखाली दहा सेंटिमीटरवर होकायंत्र ठेवावे आणि पाच अँपिअर प्रवाह सोडावा. तारेचे क्षेत्र १०,००० नॅनोटेस्ला होते आणि सुई सुमारे १५ अंश वळते. मग परतीची तार पहिल्या तारेला चिकटवून पाहावे. सुई जवळजवळ जागेवर येते. ट्रामची तार आणि रूळ यांचे कोडे मुलांना तेथेच उमगते. त्यानंतर फळ्यावर १८७४, १८९८, १९०४, १९०६, १९०७ ही साले आणि पाच घटना उलटसुलट लिहून त्या जुळवायला सांगाव्यात. जुळवून झाल्या की एकच प्रश्न विचारावा : कुलाब्याची मोजमापे नेमकी कोणत्या दिवशी बंद करावीत, हे तुम्ही कसे ठरवले असते?

त्या महाविद्यालयात आम्ही पुन्हा गेलो. चूक कबूल केली, तारखा फळ्यावर मांडल्या आणि हाच प्रश्न विचारला. वर्गात बराच वेळ वाद चालला. एकाने सहा महिने पुरे म्हटले, दुसऱ्याने पावसाळा धरायलाच हवा म्हटले, तिसऱ्याने खर्चाचा हिशेब काढला. तास संपल्याची घंटा झाली तरी वाद मिटला नव्हता. लोखंडाच्या खिळ्याची आठवण त्या दिवशी कोणालाच झाली नाही.